कोळसेवाल्याची माडी

स्मरणिकेचा विषय निघाला तेव्हा आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "या वर्षी काहीतरी इतिहासाचे द्या, पण लढाया नकोत. लढाया मुले शाळेत वाचतातच." मी होकार दिला खरा, परंतु लढायांवाचून इतिहास कोठून आणावा हा प्रश्न पडला. पुढे एके दिवशी माझ्या नातीने विचारले, "आजी, वखार म्हणजे काय गं?" आणि विषय सापडला.

वखार ज्यांनी पाहिली आहे अशा भगिनी आपल्या मंडळात अजून पुष्कळ आहेत. कोपऱ्यावरची ती काळी अंधारी खोली, दारात टांगलेला मोठा तराजू, आत एका बाजूला लाकडांची रास आणि दुसऱ्या बाजूला कोळशाचा ढीग. पावसाळ्यापूर्वी दोन पोती घेऊन ठेवायची, नाहीतर श्रावणात ओला कोळसा गळ्यात पडायचा. तो फुंकून फुंकून डोळे लाल होत आणि शेगडी काही पेटत नसे. पोत्याच्या तळाशी उरलेला चुरा कोणी टाकीत नसे. शेणमातीत कालवून त्याचे गोळे वळायचे, उन्हात वाळवायचे आणि बंबात घालायचे. ते पोते पाठीवर घेऊन तीन जिने चढणारा माणूस आपल्याला रोजच्या ओळखीचा होता. पण त्याचे नाव काय, गाव कोणते, घरी कोण असते, हे आमच्या घरात तरी कोणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. "कोळसेवाला आला" एवढेच त्याचे नाव. तो गेला की जिना धुवायचा, इतकाच त्याचा आमचा संबंध.

म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कोळसेवाल्याचे नाव, गाव आणि त्याचे सारे चरित्र लोकांनी जपून ठेवले आहे असे वाचनात आले, तेव्हा मला मोठे नवल वाटले. हा कोळसेवाला लंडनचा. त्याचे नाव टॉमस ब्रिटन.

आपल्याकडे कोळसा लागे तो स्वयंपाकाला आणि पाणी तापवायला. तिकडे त्याचे पहिले काम घर ऊबदार ठेवणे. वर्षाचे सहा-सात महिने तेथे अंगणात उन्हाला बसण्याची सोय नाही. घरात विस्तव नसेल तर म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दगावायची. पूर्वी लोक लाकूड जाळीत. पण शहर वाढले, जवळची राने विरळ झाली, लाकूड महाग झाले आणि लोकांना दगडी कोळशाकडे वळावे लागले. तो सापडे उत्तरेस न्यूकॅसलजवळ, टाईन नदीच्या काठी. तेथून तो गलबतांत भरून समुद्रमार्गे लंडनला येई, म्हणून त्याचे नावच 'समुद्री कोळसा' पडले. लंडनमध्ये फ्लीट नाल्याच्या काठी 'सी कोल लेन' नावाची एक गल्ली आहे, आणि ते नाव तेराव्या शतकापासूनचे आहे, यावरून हा व्यापार किती जुना ते ध्यानात येईल.

हा कोळसा सुखासुखी कोणी पत्करला नाही. १२५७ मध्ये इंग्लंडची राणी एलिनॉर नॉटिंगहॅमला राहायला गेली होती, ती कोळशाच्या धुरानेच हैराण होऊन तेथून निघून गेली. पुढे १६६१ मध्ये जॉन इव्हलिन नावाच्या विद्वान गृहस्थाने लंडनच्या धुरावर एक पुस्तिकाच लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केली. या धुराने कपडे काळे होतात, चित्रे खराब होतात, माणसे खोकून खोकून मरतात, अशी त्याची तक्रार. राजाने ती ऐकून घेतली. धूर काही थांबला नाही. (हा चार्ल्स म्हणजे तोच, ज्याला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न केल्याबद्दल मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. असो.)

इव्हलिनने कपड्यांविषयी लिहिले, पण ते कपडे धुवायचे कोणी हे त्याच्या लक्षात आले असेल का? कोळसा घरात आला आणि बाईचे काम दुप्पट झाले. लाकडाची राख हलकी, ती भांड्यांना आणि कपड्यांनाही कामी येते. कोळशाची काजळी तेलकट, ती एकदा बसली की निघता निघत नाही. शिवाय लाकडाच्या ऐसपैस चुलीत कोळसा नीट जळतच नाही. त्याला खालून वारा लागतो, म्हणून लोखंडी जाळी हवी. वरून ओढ लागते, म्हणून अरुंद धुराडे हवे. म्हणजे नुसते जळण बदलले असे नव्हे, तर चूल बदलली, भिंत बदलली आणि घर बांधण्याची रीतही बदलली. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनला मोठी आग लागून शहराचा बराचसा भाग जळून गेला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच्या पुढच्याच महिन्यातली ही गोष्ट. त्यानंतर जी घरे उठली ती विटांची आणि कोळशाच्या धुराड्यांचीच. सरकारही मोठे हुशार. १६६२ पासून त्याने घरातल्या दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला होता. चुली मोजायला सरकारी माणूस थेट आतल्या खोल्यांपर्यंत येई, त्यामुळे तो कर बायकांना फार जाचक वाटे. शेवटी १६८९ मध्ये तो उठला. आगीनंतर शहर पुन्हा बांधायला पैसा लागला तोही कोळशावरच बसवला. दर चाल्ड्रनमागे प्रथम एक शिलिंग आणि १६७० पासून तीन. सेंट पॉलच्या देवळाचा घुमट आपण चित्रात पाहतो, त्याच्या दगडांत लंडनच्या प्रत्येक चुलीचा पैसा आहे.

चाल्ड्रन हे कोळशाचे माप. छत्तीस बुशेलांचा एक चाल्ड्रन, आणि बुशेल भरायचे ते शिगोशीग. शीग लावून माप घालावे असा कायदाच होता. कायदा करावा लागला यावरून मापात काय चालत असेल ते आपल्याला कोणी सांगायला नको.

खाणीच्या तोंडाशी कोळसा स्वस्त. पण तो लंडनच्या चुलीत पडेपर्यंत किती हातांतून जाई पाहा. खाणीतून गाड्यांनी नदीवर, नदीतून होड्यांनी समुद्रावरच्या गलबतांत, तेथून तीन-चारशे मैलांचा किनारा उतरून थेम्स नदीत. तेथे पुन्हा पडावांत आणि पडावांतून धक्क्यावर, धक्क्यावरून वखारीत आणि मग वखारीतून गाडीने किंवा माणसाच्या पाठीवर घरोघर. प्रत्येक हाताचा काही ना काही दाम. श्रीमंत माणूस उन्हाळ्यात, भाव उतरलेला असताना, तळघर भरून घेई. गरीब बाई थंडीत, भाव चढलेला असताना, पसाभर घेई आणि त्याच कोळशाला जास्त पैसे मोजी. समुद्रावर लढाई सुरू झाली की गलबते अडत. १६६७ मध्ये डच आरमार थेम्सच्या मुखाशी आले तेव्हा लंडनमध्ये कोळशाचा दुष्काळच पडला. सतराव्या शतकाच्या अखेरीस या एका शहराला वर्षाला चार लाख टनांहून अधिक कोळसा लागत होता, आणि त्यातला शेवटचा हात म्हणजे पोतेवाला फेरीवाला.

टॉमस ब्रिटनचा जन्म १६४४ च्या सुमारास नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या रश्डन या गावचा. घरची गरिबी. पोरवयात तो लंडनला आला आणि क्लार्कनवेल भागातल्या सेंट जॉन स्ट्रीटवरच्या एका बारीक कोळसा विकणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. बारीक कोळसा हा निराळा धंदा होता. मोठा दगडी कोळसा काडी लावल्याबरोबर पेटत नाही. त्याच्याखाली लवकर पेटणारा बारीक कोळसा घालावा लागतो, जसे आपण शेगडी पेटवताना नारळाच्या शेंड्या नि चिपाडे घालीत असू. म्हणून प्रत्येक घराला तो रोज थोडा थोडा लागे. आणि तो विकायला गाडी नको की घोडा नको. एक पोते, एक माप आणि एक खणखणीत गळा असला की झाले.

उमेदवारी सात वर्षांची. ती संपल्यावर मालकाने एक गोष्ट केली. पोरगा चलाख आहे, याने याच रस्त्यावर दुकान थाटले तर आपले गिऱ्हाईक जाईल, अशी त्याला भीती वाटली असावी. त्याने ब्रिटनच्या हातावर काही रक्कम ठेवली आणि 'तू हा धंदा करू नको' असे कबूल करून घेतले. ब्रिटन ते पैसे घेऊन गावी गेला. गावी पैसे संपले. तेव्हा तो पुन्हा लंडनला आला आणि त्याने, मालक हयात असतानाच, तोच धंदा सुरू केला!

ही हकीकत सर जॉन हॉकिन्सने आपल्या संगीताच्या इतिहासात लिहिली आहे. तो ग्रंथ १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉकिन्स तिच्यावर काही टीका करीत नाही, पण मला ती खटकते. पैसे घेऊन शब्द द्यायचा आणि तो मोडायचा, याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी लिहीत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर सात वर्षे राबवून ज्या पोराला एकच विद्या शिकवली, त्याला 'ती विद्या वापरू नको' म्हणणे हेही कोठले न्यायाचे? गावी तो काय करणार होता? आपल्या भागातल्या पोळीभाजीच्या व्यवसायातही अशी प्रकरणे झालेली आपण पाहिली आहेत. हाताखाली शिकलेली मुलगी समोरच पाटी लावते आणि मग वर्षभर अबोला. यात कोणाची बाजू घ्यावी ते मला आजवर नीट उमगलेले नाही.

असो. ब्रिटनने भांडवल उभारले ते असे. क्लार्कनवेलमध्ये सेंट जॉन्स स्क्वेअरला जाणाऱ्या जेरुसलेम पॅसेज या बोळाच्या तोंडाशी एक तबेला होता, तो त्याने भाड्याने घेतला आणि त्याचे घर केले. खाली कोळशाची वखार, आणि वर एक लांबट, बुटकी माडी. माडीवर जायला बाहेरून एक जिना. जिना कसला, शिडीच म्हणायची. हे १६७७ च्या सुमाराचे, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाला तीनच वर्षे झाली होती. सकाळी निळा डगला घालायचा, पोते पाठीवर टाकायचे, माप हातात घ्यायचे आणि "स्मॉल कोल!" अशी आरोळी देत गल्लीगल्लीतून हिंडायचे. माणूस ठेंगणा नि गुटगुटीत, चेहरा सरळ आणि मोकळा. पोते रिकामे झाले की घरी यायचे, अंग धुवायचे, कपडे बदलायचे. येथपर्यंत हे कोणत्याही कोळसेवाल्याचे चरित्र झाले.

पण अंग धुऊन झाल्यावर तो काय करी? तो वाद्य वाजवी. व्हायोल नावाचे एक तंतुवाद्य तेव्हा तिकडे फार चालत असे. ते मांडीशी धरून गजाने वाजवतात, आपल्या सारंगीच्या नात्यातले म्हणा. ते त्याला चांगले येत असे. शिवाय तो जुनी पुस्तके आणि हस्तलिखिते जमवी. शिवाय त्याला रसायनविद्येचा नाद. शेजारी डॉ. गॅरेन्सिएर्स नावाचे वैद्य राहत, त्यांच्या संगतीने तो हे शिकला आणि त्याने स्वतःच्या हातांनी एक हलवता येण्यासारखी प्रयोगशाळा बनवली. ती पाहून वेल्समधल्या एका धनिकाने त्याला आपल्या गावी नेले, तशीच प्रयोगशाळा बांधून घेतली आणि चांगली बिदागी दिली. विस्तवाशी ज्याचा जन्म गेला त्याला भट्टी चांगली साधावी यात नवल नाही.

१६७८ मध्ये त्याने माडीवर दर गुरुवारी गाण्याबजावण्याची बैठक सुरू केली. (आपलेही भजन गुरुवारचेच!) या कामी त्याला सर रॉजर लेस्ट्रेंज या मोठ्या गृहस्थाने उत्तेजन दिले. हा लेस्ट्रेंज लेखक, राजाच्या बाजूचा कडवा पत्रकार, आणि स्वतः व्हायोल वाजवणारा. लंडनमध्ये पैसे घेऊन लोकांना गाणे ऐकवण्याचा प्रघात नुकताच पडला होता. जॉन बॅनिस्टर नावाच्या वादकाने १६७२ मध्ये तो पाडला होता. त्यापूर्वी चांगले संगीत ऐकायचे तर राजवाड्यात, नाहीतर देवळात. कोळसेवाल्याच्या माडीवर मात्र प्रथम काहीच आकार नव्हता. पुढे वर्षाला दहा शिलिंग वर्गणी ठेवली आणि कॉफीचा पेला एका पेनीला, असे सांगतात.

ही माडी किती लहान असावी? नेड वॉर्ड नावाचा एक विनोदी लेखक ब्रिटनचा शेजारी होता. त्याने लिहून ठेवले आहे की, घर बाहेरून अगदीच गरिबाचे, छत डोक्याला लागेलसे, आणि खिडकी पिंपाच्या भोकाएवढी. त्यात शिडीसारखा जिना चढून जायचा. तरीही लोक येत. बडे सरदार येत, आणि त्यांच्या बायकाही येत. त्या काळी सौंदर्याबद्दल जिचा बोलबाला होता ती क्वीन्सबेरीची डचेस आपला घोळदार झगा सावरीत, कोळशाच्या ढिगाशेजारून तो जिना चढून जाई, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खाली कोळशाची धूळ, वर पाच पट्ट्यांचा एक छोटा ऑर्गन आणि एक हार्पसिकॉर्ड. डॉ. पेपुश हा जर्मनीहून आलेला विद्वान संगीतकार तेथे वाजवी. पुढे १७१० नंतर लंडनमध्ये आलेला हँडेल, ज्याचे नाव आज जगात सगळीकडे घेतात, तोही या माडीवर वाजवून गेला.

मॅथ्यू डूबोर्ग नावाच्या मुलाची गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे तो फार नामांकित व्हायोलिनवादक झाला. पण लोकांपुढे त्याने पहिल्यांदा एकट्याने वाजवले ते याच माडीवर, अगदी लहान असताना. मूल दिसेना, म्हणून त्याला एका स्टुलावर उभे केले. समोर एवढी मोठमोठी माणसे पाहून ते पोर इतके घाबरले की स्टुलावरून खाली पडायच्या बेतात आले. आपल्या हळदीकुंकवाला जिने पहिल्यांदा पेटी वाजवली त्या मुलीची मला आठवण झाली. तिचेही पाय असेच लटपटत होते.

ही बैठक १७१४ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे चालली. आपल्यापैकी ज्यांनी मंडळाचे चिटणीसपद सांभाळले आहे त्यांनाच छत्तीस वर्षे दर आठवड्याला बैठक म्हणजे काय ते कळेल.

या सगळ्या काळात त्याने धंदा सोडला नाही, हे मला सगळ्यांत विशेष वाटते. सरदारांची ओळख झाली म्हणून कोठे चाकरी धरली नाही. पोते खाली ठेवले नाही. खरे म्हणजे ठेवले, पण कोठे ते सांगते. ऑक्सफर्ड, पेम्ब्रोक, संडरलंड, विंचिल्सी असे काही उमराव जुन्या पुस्तकांचे शौकीन होते. हिवाळ्यात दर शनिवारी ते शहरात जुनी पुस्तके शोधीत हिंडत आणि दुपारी बाराच्या सुमारास पेटरनॉस्टर रो या पुस्तकांच्या गल्लीत बेटमन नावाच्या दुकानदाराकडे जमत. त्याच वेळी ब्रिटन आपली सकाळची फेरी संपवून तेथे येई. निळा डगला तसाच अंगावर. पोते दुकानाच्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकवायचे, आणि आत जाऊन उमरावांच्या बरोबरीने पुस्तकांची चर्चा करायची. कोणते हस्तलिखित खरे, कोणते बनावट, कोणाची छपाई दुर्मीळ, यात त्याचा शब्द ते मानीत. ऑक्सफर्डच्या उमरावाने जमवलेला हार्ले संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या सुरुवातीला अशा शनिवारांचा हातभार लागला, असे हॉकिन्स म्हणतो.

रस्त्याने तो जाऊ लागला की लोक बोट दाखवीत, "तो पाहा प्रसिद्ध कोळसेवाला, विद्येचा भोक्ता, गाणाराबजावणारा, मोठ्यांच्या बैठकीतला." पण सगळेच कौतुक करीत असे नव्हे. कोळसेवाल्याच्या घरी सरदार कशाला जातात, अशी कुजबुज होती. कोणी म्हणे ही राजद्रोह्यांची गुप्त बैठक आहे, गाणे नुसते नावाला. कोणी त्याला नास्तिक म्हणे, कोणी जेझुइट म्हणे, तर कोणी चेटक्या. रात्री भट्टीपाशी बसतो म्हणजे चेटूकच करीत असला पाहिजे! गरिबाने पुस्तक हातात धरले की लोकांना संशय येतो, तो असा.

आता एक गोष्ट चित्रकाराची. जॉन वुलस्टन हा चित्रकार ब्रिटनच्या बैठकीतला स्नेही. एके दिवशी ब्रिटनचे पोते लवकर रिकामे झाले. घरी परतताना त्याच्या मनात आले, वुलस्टनकडे डोकावावे. पण लगेच अडखळला. गुरुवारी आपण यजमान असतो, तेव्हा तो आपल्याला भेटतो. आज आपण डगल्यात, हाततोंड काळे. अशा वेषात त्याच्या दारात जावे, तर त्याला आवडेल का? मग त्याने एक युक्ती केली. वुलस्टनच्या घरावरून जाताना त्याने नेहमीपेक्षा मोठ्याने आरोळी दिली, "स्मॉल कोल!" म्हणजे त्याला बोलवायचे असेल तर बोलावील, नाहीतर आपण कोळसा विकत चाललोच आहो. वुलस्टनने तो आवाज ओळखला, खिडकी वर सारली आणि त्याला आत बोलावले. आणि तुझे चित्र काढायचे माझ्या फार दिवसांपासून मनात आहे असे सांगून, त्याच डगल्यात त्याला समोर बसवले.

या गोष्टीतले अडखळणे मला फार खरे वाटते. मोठ्या घरी स्वयंपाकाला किंवा शिवणाला गेलेल्या बाईला, त्याच घरच्या मुंजीचे आमंत्रण आले की पुढच्या दाराने जावे की मागच्या, असा प्रश्न पडतो. छत्तीस वर्षे सरदारांना कॉफी पाजणाऱ्या माणसालाही तो सुटला नव्हता.

त्याचा शेवट मात्र वाईट झाला, आणि तो एका थट्टेने झाला. ब्रिटन भाविक, आणि भुताखेतांच्या, चेटकाच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा. रोब नावाचे एक न्यायाधीश त्याच्या बैठकीला येत. त्यांना गंमत सुचली. हनीमन नावाचा एक लोहार पोटातून बोलण्यात पटाईत होता. ओठ न हलवता तो असा आवाज काढी की तो दुरून कोठून तरी येतो आहे असे वाटावे. रोबने त्याला बैठकीत आणले. एकाएकी कोठून तरी आवाज आला की, ब्रिटन, तुझा अंत जवळ आला आहे, आताच्या आता गुडघे टेकून देवाची प्रार्थना म्हण. बिचाऱ्याने गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली, घरी जाऊन अंथरुणाला खिळला आणि थोड्याच दिवसांत, १७१४ च्या सप्टेंबरात, वारला. वय सत्तरीच्या घरात. क्लार्कनवेलच्या स्मशानात त्याला पुरले, तेव्हा बैठकीतली पुष्कळ मंडळी बरोबर चालली. थट्टा करणारे त्यात होते की नव्हते याची मी उगाच चौकशी करीत बसले नाही.

आणि त्याची बायको? तिच्याविषयी हॉकिन्स फार थोडे सांगतो. ती त्याच्या मागे राहिली. घरात रोकड अशी नव्हतीच. होती ती पुस्तके, स्वरलिप्यांच्या वह्या आणि वाद्ये. ती तिने लिलावाने विकून टाकली. त्या लिलावाची यादी छापली गेली होती आणि ती आजही वाचायला मिळते. वाद्य किती, वही कोणाची, सगळे एकेक ओळीने. नवऱ्याच्या या नादापायी तिने आयुष्यभर काय काढले असेल ते कोणत्याही यादीत नाही. तो निळा डगला रोज धुवायचा, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्या माडीवरून कोळशाच्या धुळीचा कण न् कण पुसून काढायचा. डचेसचा झगा काळा होऊन गेल्याची तक्रार कोणी लिहून ठेवलेली मी वाचली नाही. ते काम कोणाचे, हे आपण ओळखूच.

कोळशाची पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. दोन-अडीचशे वर्षे लंडन तसेच धुरात राहिले. १९५२ च्या डिसेंबरात तर पाच दिवस असे काळे धुके बसले की हजारो माणसे त्यात मेली, तेव्हा कोठे १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. २०२३ च्या मे महिन्यापासून इंग्लंडात घरात जाळायचा साधा दगडी कोळसा विकण्यास बंदी आहे. आपल्याकडेही शेगडी गेली, बंब गेला आणि वखारीच्या जागी औषधांचे दुकान आले. नातीला मी वखार सांगितली, तेव्हा तिला ती बहुधा परीकथेसारखीच वाटली.

वुलस्टनने काढलेले ब्रिटनचे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. चित्रासाठी बसायचे म्हणून माणसे ठेवणीतले कपडे घालतात, हातात पुस्तक किंवा वाद्य धरतात. त्याच्यापाशी दोन्ही होती. या चित्रात तो निळ्या डगल्यात आहे, आणि हातात धरले आहे ते कोळशाचे माप.